मदत हवी आहे: प्रवाळपठारावर रात्री घडणारी आणि विरघळणारी चुनखडी वेगवेगळी कशी मोजावी?

नमस्कार.

उथळ प्रवाळपठारावरील जीवसमूह भोवतालच्या समुद्राच्या पाण्याचे रसायन कसे बदलतो, याच्या नोंदींचा मी अभ्यास करत आहे. त्यातील एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

दिवसाचा हिशेब जुळतो. प्रवाळ एक मोल कॅल्शियम कार्बोनेट (म्हणजेच चुनखडी) घडवतात तेव्हा पाण्याची एकूण अल्कलिनिटी (आम्ल शोषून घेण्याची क्षमता) दोन मोलने घटते आणि विरघळलेला अकार्बनी कार्बन एका मोलने. प्रकाशसंश्लेषणात मात्र कार्बन घटतो, पण अल्कलिनिटी जवळजवळ तशीच राहते. म्हणजे पठारावरून वाहताना पाण्याची अल्कलिनिटी किलोग्रॅममागे ६० मायक्रोमोलने आणि कार्बन ९० मायक्रोमोलने उतरला, तर हवेशी होणारी देवघेव तूर्त बाजूला ठेवून, त्यातला ३० मायक्रोमोल कार्बन चुनखडीत आणि ६० प्रकाशसंश्लेषणात गेला असे म्हणता येते. चुनखडी घडताना कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो, तरीही भर दुपारी सामू (pH) चढलेला दिसतो, कारण शैवाले त्याहून अधिक कार्बन ओढून घेतात.

अडचण रात्रीची आहे. श्वसनामुळे कार्बन वाढतो, सामू उतरतो आणि अल्कलिनिटी बहुधा किंचित वर जाते. ती १० मायक्रोमोलने वाढली, तर निव्वळ ५ मायक्रोमोल चुनखडी विरघळली एवढेच कळते. प्रवाळ अंधारातही कमी वेगाने सांगाडा घडवतात. तेव्हा प्रत्यक्षात २० विरघळून १५ नव्याने घडले असेल, तरी आकडा तोच येईल. प्रवाळ तग धरून आहेत आणि खालची वाळू झिजत आहे, की प्रवाळच मंदावले आहेत, हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच या पद्धतीत हरवतो. ग्रेट बॅरियर रीफच्या वन ट्री बेटावर पाण्यात अल्कली आणि रंगद्रव्य सोडून झालेल्या प्रयोगात (निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध) चुनखडी घडण्याचा वेग सुमारे ७ टक्के वाढला होता, पण तो आकडाही निव्वळच होता.

थेट कॅल्शियम मोजण्याचा विचार केला, परंतु समुद्राच्या पाण्यात ते किलोग्रॅममागे सुमारे १०,००० मायक्रोमोल असते आणि त्यातील ५ चा बदल, म्हणजे ०.०५ टक्के, पकडणे फार कठीण आहे. वाळूवर आणि प्रवाळावर स्वतंत्र बंद कक्ष ठेवण्याचा पर्याय उरतो. मात्र वाळूच्या कणांमधले पाणी प्रवाहाच्या दाबाने बदलत असते आणि कक्षाच्या आत तो प्रवाहच बदलतो.

माझे प्रश्न असे: कक्षातील पाणी ढवळण्याचा वेग बाहेरच्या प्रवाहाशी कसा जुळवावा? वाळूत सल्फेटच्या क्षपणामुळेही (जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतात तेव्हा) अल्कलिनिटी वाढते. तो वाटा वेगळा काढण्यासाठी कणांमधल्या पाण्याचे नमुने कोणत्या खोलीवरून घ्यावेत? आणि पठारावरील निव्वळ आकड्यातून कक्षांमधील वाळूचा वाटा क्षेत्रफळाच्या प्रमाणात वजा केला, तर उरलेला आकडा प्रवाळांचा मानणे कितपत योग्य ठरेल?