ड्रॅगन : अजगर, व्याल की नुसता ड्रॅगन?

आमच्या टेबलावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (पात्रं घेऊन, फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ) मराठीतून चालतं. सूत्रधार मी असतो (गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला आम्ही पहिल्यापासून सूत्रधारच म्हणतो, तो शब्द चपखल बसला). मागच्या खेपेला लाल ड्रॅगनचं वर्णन करताना मी ‘डोंगरातला महाअजगर’ म्हणून गेलो, आणि पुढचा तासभर खेळाडू त्याच्याशी अजगराशी वागावं तसेच वागले. खाऊन सुस्त पडला असेल, मागच्या बाजूनं शिरू, आमिष टाकू. त्याच्याशी बोलावं असं एकालाही सुचलं नाही. दोष त्यांचा नाही, शब्द मीच तसा दिला होता. तुम्ही ड्रॅगनला काय म्हणता? आणि त्याच्या लेअर (राहण्याची जागा), होर्ड (साठवलेली संपत्ती), ब्रेथ वेपन (तोंडातून सोडायचा मारा), फ्राइटफुल प्रेझेन्सला (तो नुसता समोर असल्यानं वाटणारी भीती)?

—

अजगर नकोच. अज म्हणजे बोकड, अजगर म्हणजे बोकड गिळणारा. त्या शब्दात भूक आहे, अक्कल नाही. खेळाच्या 2014 च्या नियमांत पुरातन लाल ड्रॅगनच्या बुद्धिमत्तेचा आकडा 18 आहे, सर्वसाधारण माणसाचा 10. टेबलावरच्या बहुतेक पात्रांपेक्षा तो हुशार असतो.

‘व्याल’ सुचवतो. संस्कृतात साप, हिंस्र श्वापद आणि शिल्पांतला काल्पनिक पशू असे त्याचे तिन्ही अर्थ आहेत.

—

व्याल सुंदर आहे, पण समजावून सांगावा लागतो. गुहेच्या तोंडाशी उभं असताना शब्दार्थ सांगत बसलं की भीती निघून जाते.

मूळ शब्दाकडे पाहा. इंग्रजीत ड्रॅगन फ्रेंच आणि लॅटिनमार्गे आला, त्यामागे ग्रीक ‘द्राकोन’ म्हणजे मोठा सर्प. त्याचा संबंध ‘पाहणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूशी जोडतात, आणि तो धातू आपल्या ‘दृश्’चा सख्खा भाऊ आहे. ग्रीक ‘देदोर्का’ आणि संस्कृत ‘ददर्श’ शेजारी ठेवले की कानालाच कळतं. म्हणजे ड्रॅगन हा मुळात रोखून पाहणारा. संस्कृतात ‘दृष्टिविष’ असा शब्दही आहे, ज्याच्या नजरेतच विष आहे असा सर्प. तुमच्या खेळाडूंनी आधी त्याला पाहिलं असेल. पुढच्या वेळी ड्रॅगनलाच त्यांना आधी पाहू द्या.

दुसरी वाट ‘अहि’ची. ऋग्वेदात इंद्र ज्याला मारतो तो वृत्र अहि आहे, पर्वतावर पहुडलेला, पाणी अडवून धरणारा. अवेस्तातला ‘अझि’ त्याचाच भाऊबंद, आणि फारसीतला ‘अझदहा’ तिथूनच आला. इथे मला महत्त्वाचं वाटतं ते अडवून धरणं. दुसऱ्यांना हवं ते घेऊन हा त्यावर पसरलाय. होर्डचं सगळं मर्म त्यात आलं.

—

होर्डला ‘खजिना’ चालतो, पण खजिना राजाचाही असतो आणि तो खर्च होतो. ‘घबाड’ हा लुटणाऱ्याच्या बाजूचा शब्द, सापडल्यावर म्हणायचा. ड्रॅगनच्या बाजूनं पाहिलं तर तो ‘ठेवा’. आम्ही दोन्ही वापरतो : खेळाडू घबाड म्हणतात, ड्रॅगन स्वतः बोलताना ‘माझा ठेवा’ म्हणतो. एवढ्या एका फरकानं प्रसंग बदलतो.

—

(मूळ प्रश्नकर्ता) हे फारच उपयोगी पडलं. माझं मत आता असं होतंय की नाव ‘ड्रॅगन’च ठेवावं, ते सगळ्यांना माहीत आहे. मराठी व्हावं ते त्याचं वागणं. आपली भाषा सापाबद्दल इतकी श्रीमंत आहे की वेटोळं, फूत्कार, कात टाकणं हे सगळं आयतं हाती आहे.

फ्राइटफुल प्रेझेन्सला मी ‘दरारा’ घेतोय. धाक घालावा लागतो, दहशत पसरवावी लागते, दरारा नुसता असतो. ड्रॅगन अजून हललेलाही नाही आणि मागचा धनुर्धर पळायला लागलाय, तो दरारा.

ब्रेथ वेपनवर मात्र अडलोय. ‘श्वासास्त्र’ की ‘फूत्कार’?

—

‘श्वासास्त्र’ बरोबर आहे. हातात धरून चालवायचं ते शस्त्र, सोडायचं ते अस्त्र, आणि हे सोडलंच जातं. नियम लिहिताना तेच वापरा. पण बोलताना फूत्कार. फूत्कार म्हटला की आग, आम्ल, विषारी वायू, काहीही चालतं. ‘आग ओकणे’ म्हटलं की काळ्या ड्रॅगनचं आम्ल आणि निळ्याची वीज बाहेर राहतात. शिवाय फूत्कार परत यावा लागतो. एकदा सोडला की प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला सहा बाजूंचा फासा टाकायचा, 5 किंवा 6 पडला तरच पुन्हा मिळतो. ‘फूत्कार आला का?’ असं सगळं टेबल श्वास रोखून विचारतं.

—

लेअरला ‘गुहा’ म्हणाल तर जागा कळेल, पण मालकी कळणार नाही. ‘बीळ’ तर हास्यास्पदच होईल. ‘ठाणं’ घ्या, ठाण मांडून बसण्यातलं. 2014 च्या नियमांत ड्रॅगन आपल्या ठाण्यावर असेल तर ती जागाही त्याच्या बाजूनं लढते : लाल ड्रॅगनच्या ठाण्यात जमीन हादरते, लाव्हा उसळतो.

—

स्वभावांना शब्द लावताना फार मजा येते आणि इथे घाई करू नये असं मला कळकळीनं वाटतं. लाल म्हणजे ‘मगरूर’, हिरवा ‘कावेबाज’. पांढरा सगळ्यांत रानटी, बुद्धीनं बेताचा, पण झालेला अपमान विसरत नाही. त्याच्यासाठी ‘डूख धरणे’ याहून नेमका शब्द कुठल्या भाषेत सापडेल? धातूंच्या ड्रॅगनांत पितळी म्हणजे ‘बोलघेवडा’, त्याच्याशी लढण्यापेक्षा गप्पा मारून सुटका होते. चांदीचा माणसाचं रूप घेऊन माणसांत राहतो. त्याला ‘माणसाळलेला’ म्हणू नका, माणसाळवतात ते जनावर. तो ‘माणसांत रमणारा’.

—

वयाचं काय? ‘म्हातारा ड्रॅगन’ म्हटल्यावर खेळाडू सुखावतात!

—

म्हणूनच तो शब्द वर्ज्य. ड्रॅगन वयानं थकत नाही, वाढतच जातो. आमच्याकडे पाच वर्षांपर्यंत पिल्लू, शंभरपर्यंत तरणा, आठशेपर्यंत जाणता आणि त्यापुढे पुरातन. ‘जाणता’ या शब्दावर माझा जीव आहे. प्रौढ म्हटलं की फक्त वय कळतं. जाणता म्हटलं की त्यानं तुमच्यासारखे पुष्कळ पाहिलेत हेही कळतं.

—

(मूळ प्रश्नकर्ता) शेवटची शंका. टियामॅट, पाच मस्तकांची, रंगीत ड्रॅगनांची राणी. तिच्या लेकींना काय म्हणायचं? ‘मादी ड्रॅगन’ मला खटकतं.

—

खटकायलाच हवं, मादी म्हटलं की पुन्हा अजगराच्या रांगेत. ‘ती डॉक्टर आली’ म्हणतो ना आपण? तसंच ‘ती ड्रॅगन आली’. आणि पुरातन असेल तर ‘त्या आल्या’ म्हणा, टेबल आपोआप गप्प होईल.