मदत हवी आहे: टाकी भरली तरी पंप बंद होत नाही (एव्हीआर, सी)

नमस्कार मंडळी,

गच्चीवरच्या टाकीसाठी पंप आपोआप बंद करणारं सर्किट करतोय. ॲटमेगा३२८पी (आर्डुइनोवरची एव्हीआर चिप), फ्लोट स्विच पोर्ट डीच्या ३ नंबर बिटावर, आतला पुल-अप (स्विच उघडा असताना पिन ५ व्होल्टवर धरून ठेवणारा रोध) चालू. टाकी भरली की स्विच पिन ग्राउंडला टेकवतो, म्हणजे बिट ० व्हायला हवा. आर्डुइनोचं तयार डिजिटलरीड फंक्शन होतं तोवर सगळं सुरळीत होतं. मग पिनडी, म्हणजे पोर्ट डीच्या पिनांची स्थिती दाखवणारं रजिस्टर, थेट वाचायची हौस आली (कोड देवनागरीत उतरवलाय, गोड मानून घ्या):

इफ (पिनडी & (१ << ३) == ०) पंप_बंद();

पंप थांबतच नाही. मल्टीमीटर पिनवर बरोबर ५ आणि ० व्होल्ट दाखवतो. नवा स्विचही आणून झाला. काल टाकी अर्धा तास वाहिली, खालच्या काकू अजून बोलत नाहीत. म्हणून उलटं लिहून पाहिलं:

इफ ((पिनडी & (१ << ३)) == १) पंप_चालू(); एल्स पंप_बंद();

आता पंप सुरूच होत नाही! शिवाय ऑफिसातला मित्र म्हणतो, हे सगळं सोड आणि बिटफील्डचं स्ट्रक्चर (प्रत्येक बिटाला वेगळं नाव) कर. करू का?

प्रतिसाद १

स्विच बिचारा निर्दोष आहे. सी मध्ये == हे & च्या आधी सुटतं. त्यामुळे आधी (१ << ३) == ० तपासलं जातं, ते खोटं, म्हणजे ०. मग पिनडी & ०. टाकी भरो वा न भरो, उत्तर शून्यच. दुसऱ्या ओळीत कंस बरोबर आहेत, पण ३ नंबरचा बिट लागला की उत्तर ८ येतं, १ नाही. == १ फक्त शून्याव्या बिटाला जमतं. तुलना १ शी करूच नका; != ० लिहा, नाहीतर नुसतं इफ (पिनडी & मास्क), मास्क म्हणजे (१ << ३).

प्रतिसाद २

हा सापळा जुना आहे. अगदी सुरुवातीच्या सी मध्ये अटी जोडणारं && नव्हतंच, इफमध्येही & चालायचं. && नंतर आलं, पण आधीचा कोड मोडू नये म्हणून & ची जागा खालीच ठेवली. आपण अजून कंस भरतोय.

बिटफील्ड रजिस्टरसाठी नको. बिट कोणत्या टोकापासून मांडायचे हे कम्पायलर ठरवतो. एव्हीआर-लिबसी या एव्हीआरच्या सी लायब्ररीमध्ये 'बिट_इज_क्लिअर' (बिट ० आहे का) हा मॅक्रो तयार आहे, तो वापरा. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर त्याची चिपसाठी एकच मशीन-सूचना बनते, वेग जात नाही. उघडा ३ पण लिहू नका, 'फ्लोट_बिट' असं नाव द्या. सहा महिन्यांनी तुम्हालाच ३ कशाचा ते आठवणार नाही.

आणि आर्डुइनो आयडीईत कम्पायलर वॉर्निंग्ज 'नन' वर असतात. 'ऑल' करा.

धागाकर्ता

'ऑल' केलं. त्या ओळीवर 'कंस घाला' अशी वॉर्निंग लगेच आली, आणि आणखी एका ओळीवरही. बोअर कोरडी पडली की पंप थांबवणारी ओळ मी तशीच लिहिली होती! बोअर अजून कधी आटली नाही, म्हणून पत्ताच नव्हता.