खरे रोहान कोण? जोसलँच्या किल्ल्यातले की बोहेमियात गेलेले?

वंशवेल:
फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या रोहान घराण्याच्या वंशावळीवरून बोट फिरवताना १६४५ला अडायला होतं. प्रोटेस्टंटांचा सेनानी आंरी द रोहान याला फ्रान्सचा राजा चौथा आंरी याने १६०३ मध्ये ड्यूक केलं. १६३८ मध्ये तो लढाईत जखमी होऊन वारला. वारस एकच, मुलगी मार्गरीत. १६४५ मध्ये तिने आंरी शाबोशी लग्न केलं. शाबो कॅथलिक, शिवाय मानाने बराच खालचा. मुलांनी रोहान नाव लावायचं ठरलं आणि १६४८ मध्ये ड्यूकची पदवी शाबोसाठी नव्याने निर्माण झाली. जोसलँच्या किल्ल्यातले आजचे ड्यूक याच जोडप्याचे वंशज. माझ्या मते ते शाबो आहेत. रोहान म्हणजे गेमेने ही घराण्याची दुसरी शाखा. तीच थोरली पाती, तिथे पुरुषपरंपरा तुटलेली नाही. राज्यक्रांतीनंतर ती मंडळी ऑस्ट्रियाच्या आश्रयाला गेली आणि बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) स्थिरावली.

ग्रॅनाइट:
अजिबात पटलं नाही. ब्रिटनीत मुलीकडे वारसा जाणं नवं नव्हतं. खुद्द ब्रिटनीची डची, म्हणजे ड्यूकचं राज्यच, बापाकडून आन द ब्रेताञ या मुलीकडे आलं होतं. गेमेनेवाल्यांनी नाव आणि चिन्हावरून चौदाव्या लुईच्या काळात दावा लावला, तोही हरले. आणि १७८२ मध्ये तीन कोटी लीव्रहून जास्त कर्ज करून दिवाळं काढलं ते याच थोरल्या पातीच्या प्रिन्सने. तीन वर्षांत राणी मारी आंत्वानेतच्या नावाने गाजलेलं हिऱ्यांच्या हाराचं प्रकरण, त्यातला कार्डिनलही याच शाखेचा.

वंशवेल:
दिवाळं काढल्याने कोणी घराण्याबाहेर जात नाही. त्यांच्या कुलचिन्हाची ढाल बघा: तांबड्या जमिनीवर नऊ सोनेरी शंकरपाळे, मधे पोकळ. बस्स. जोसलँवाल्यांच्या ढालीचे चार भाग आहेत. दोनांत हे शंकरपाळे, उरलेल्या दोनांत शाबोंचे तांबडे मासे. हे घराणं कुठून आलं ते त्यांची ढालच सांगते.

ग्रॅनाइट:
सांगते, लपवत नाही! बाप शाबो, आई रोहान, दोघांचा मान राखलाय. आईचा वारसा तुम्हाला मोजायचाच नाही, एवढंच त्यातून दिसतं.

दिवेलागण:
तुमच्या दोघांच्या भांडणात तांक्रेद राहून गेला. मार्गरीतची आई चौथ्या आंरीचा मंत्री सुली याची मुलगी. लेकीच्या लग्नावर ती इतकी चिडली की लपवून वाढवलेला एक मुलगा, हाच तांक्रेद, पुढे आणून म्हणाली, हाच ड्यूकचा औरस वारस. १६४६ मध्ये पॅरिसच्या पार्लमाँने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने, त्याला रोहान नाव लावायची मनाई केली. १६४९ मध्ये फ्राँद या राजसत्तेविरुद्धच्या बंडाच्या धुमश्चक्रीत व्हँसेनजवळ तो मारला गेला, वीसही पुरे नव्हते. त्याचा बाप दुसराच, असं तेव्हाही बोललं जाई. तरी वाईट वाटतंच. जिवंत नवऱ्याच्या संसारात जन्मलेलं मूल, आणि त्याची बाजू घेणारं आईशिवाय कोणी नाही.

वंशवेल:
तांक्रेदबद्दल मलाही हळहळ वाटते. पण त्याचा दावा मान्य झाला असता तर शाबोंना पदवी मिळालीच नसती. म्हणजे तेव्हाही सगळे मुलगाच शोधत होते, हे माझंच म्हणणं झालं.

ग्रॅनाइट:
आणि तो न मिळाल्यावर मुलीने घर चालवलं, हे माझं. तेराव्या लुईचा मंत्री रिशल्यू याने जोसलँचे बुरूज पाडले, एकोणिसाव्या शतकात किल्ला दुरुस्त करून घेतला तो रोहान-शाबोंनी. चौदावे ड्यूक, जोसलँ द रोहान, १९९८ ते २००४ ब्रिटनीच्या प्रादेशिक परिषदेचे अध्यक्ष होते, तेही लोकांनी निवडून दिलेल्या परिषदेचे. बोहेमियात गेलेल्या शाखेचा ब्रिटनीशी आज काय संबंध उरलाय, ते सांगा.

वंशवेल:
रक्ताचा. ड्यूक म्हणायला माझी ना नाही, सनद त्यांच्याकडे आहे. वंशावळीत मात्र मी १६४५ खाली शाबो असंच लिहिणार.