माणूस गेल्याची खबर ग्रुपवर टाकली म्हणजे कळवणं झालं का?

सेलूकर

नमस्कार मंडळी. मी सेलूचा, मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे माझं. मागच्या आठवड्यात माझी आत्या वारली आणि मी तिच्या मातीला पोचलो नाही. कसं झालं ते सांगतो. मग मी आता काय करावं ते तुम्ही सांगा.

आत्याचं गाव मानवतच्या पुढं, इथून मोटारसायकलवर तासाभराचा रस्ता. वडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मी एकटाच. आठवी ते दहावी मी तिच्याच घरी राहून शिकलो. पहाटे उठून ती माझा डबा बांधायची. डबा कसला, दोन भाकरी, मधे शेंगदाण्याची चटणी, वरून तेलाची धार, आणि फडक्याची गाठ अशी आवळायची की शाळेत मला ती दातानं सोडावी लागायची.

आमच्या नातेवाइकांचा ग्रुप आहे, ११२ जणांचा. सकाळी फुलांचे फोटो, सुविचार, मग वाढदिवस, मग कापसाचा भाव. दिवसभर फोन वाजत राहायचा म्हणून मी तो ग्रुप म्यूट करून ठेवला होता. आतेभावानं सकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी तिथं लिहिलं, 'आमच्या मातोश्री यांचे आज पहाटे दुःखद निधन झाले, अंत्यविधी सकाळी ११ वाजता.' वर आत्याचं कागदोपत्री पूर्ण नाव.

आता हंगाम आहे. गव्हाला पाणी चालू, लाईट रात्रीची, मोटारी जळून येतात. त्या दिवशी सकाळीच तीन मोटारी उघडून ठेवल्या होत्या. हाताला वार्निश, फोन गल्ल्यात. शाळेला निघण्याआधी सातवीतल्या पोरानं शाळेच्या ग्रुपवरचा अभ्यास बघायला फोन घेतला. तेव्हा हा ग्रुपही उघडला, वाचला आणि परत ठेवून दिला. त्याला आत्या माहीत आहे ती 'मानवतची आजी' म्हणून. ते पूर्ण नाव त्यानं कधी ऐकलेलंच नव्हतं. कोणी तरी लांबचं वारलं असं त्याला वाटलं.

मी दुपारी अडीचला हात धुऊन जेवायला बसलो तेव्हा फोन पाहिला. तोवर खाली ८४ 'भावपूर्ण श्रद्धांजली' आल्या होत्या. ताटावरून तसाच उठलो. साडेचारला पोचलो तर मसणवट्यात राख धुमसत होती, शेजारी पाण्याचं फुटलेलं मडकं.

आत्या सवाष्ण गेली. आमच्याकडं शेवटची साडी माहेरची लागते. ती आणायचा मान माझा होता. मी नव्हतो म्हणून कोणी तरी गावातल्या दुकानातून आणून घातली. मामा (आत्याचे यजमान) ओट्यावर बसलेले, माझ्याकडं बघितलंच नाही. आतेभावानं मात्र फोन काढला, मेसेजवर बोट दाबून कोणी कधी वाचला ती यादी उघडली आणि माझ्या तोंडापुढं धरली. माझं नाव, ८ वाजून ५ मिनिटं. म्हणाला, "आठला वाचलंस तू. अकरापर्यंत तुझी वाट बघितली आम्ही. कामून आला नाहीस?"

पोराचं नाव पुढं करायला जीभ रेटली नाही. चार माणसांत लेकरावर कसं ढकलू?

परवा दहावा आहे. सगळं खरं खरं सांगणारा मेसेज मी तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. पाठवू का? का तसंच जाऊ? आणि तुमच्याकडं आता अशी खबर कशी देतात? मला खरंच कळत नाही की चूक कुठं झाली.

तारबाबू

सेलूकर, मी आयुष्यभर नांदेड-परभणी भागात तार खात्यात काढलं. तार १५ जुलै २०१३ ला बंद झाली, त्याच्या आधीच मी निवृत्त झालो होतो. तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितो.

तारेत बहुतेक वेळा 'वारले' असं सरळ लिहीत नसत. 'फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.' माणूस गेलेला असायचा. पण ज्याला लांबून यायचं त्याच्या पायातलं बळ टिकावं म्हणून 'सिरियस' लिहायचं. खेड्यात तसलीच तार आली की मी आधी त्या घरी जायचो नाही. शेजारच्या घरी सायकल लावायची, तिथल्या बाईला हळूच सांगायचं, की वहिनी, जरा चला माझ्यासंगं. ती पुढं, मी मागं. एकदा एकटाच गेलो होतो. अंगणात एक बाई ज्वारी पाखडत होती. माझी खाकी बघितली आणि हातातलं सूप सुटलं. तार मी अजून पिशवीतून काढलीही नव्हती. त्या दिवसापासून शेजारी घेतल्याशिवाय गेलो नाही.

पत्राचंही तसंच होतं. मृत्यूच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा, लग्नाच्या पत्रिकेला हळदकुंकू लावलेलं. अक्षर न येणाऱ्या म्हातारीलाही कार्ड हातात घेतलं की कळायचं. फाटक्या कोपऱ्याचं कार्ड घरात ठेवत नसत, वाचून लगेच टाकून देत. आता तुमच्या ग्रुपवर आत्या गेल्याची खबर आणि कापसाचा भाव एकाच रंगाच्या चौकटीत, एकाच आवाजानं येतात. त्या लेकराला कोपरा कुठं दिसणार होता?

मेसेज पाठवू नका. जा.

जालन्याची सून

दादा, मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका.

माझे सासरे गेले तेव्हा मोबाईल होते पण असे ग्रुप नव्हते. ह्यांनी पहाटे चारपासून फोन सुरू केले. प्रत्येकाला तेच सांगायचं, कधी, कसं, काय झालं होतं, किती वाजता नेणार. पलीकडचा रडायला लागला की त्याचंच समाधान करायचं. साठ-सत्तर फोन झाले असतील. दहा वाजता बॅटरी संपली तेव्हा हे आत आले, आणि तोवर आंघोळ घालायला बाहेर घेतलंसुद्धा होतं. बापाजवळ पाच मिनिटं नुसतं बसायला मिळालं नाही, हे अजून बोलून दाखवतात. त्यामुळं तुमच्या आतेभावानं एकदाच लिहिलं यात मला त्याचा दोष दिसत नाही. त्याची आई गेली होती हो.

पण भाचा म्हणजे माहेर. माहेरच्याला फोनच करायला पाहिजे होता, हेही तितकंच खरं. आता आमच्या घरी आम्ही एका वहीत पानभर नावं लिहून ठेवलीत. ह्या लोकांना फोनच करायचा, आणि तो घरच्यानं करायचा नाही, शेजारच्या काकांनी करायचा. माझ्या जावेच्या वडलांच्या वेळी ती वही कामी आली.

आणि एक तुमच्याबद्दल. ज्या ग्रुपात आत्याचं घर आहे तो म्यूट करून पुन्हा बघायचाच नाही, हे बरोबर नव्हतं. आठवड्यातून एक फोन आत्याला करत होतात का? करत असाल तर आतेभावाच्या मनात आठ वाजून पाच मिनिटं आलीच नसती. त्यानंच फोन लावला असता.

वसमतचा मोबाईलवाला

दुकान मोबाईलचं आहे म्हणून तेवढ्यापुरतंच बोलतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज वाचल्याची ती निळी खूण २०१४ च्या नोव्हेंबरात आली. तेव्हापासून माझ्या काउंटरवर आठवड्याला एक तरी भांडण येतं. नवरा-बायको येतात, मित्र येतात. "हिनं वाचून उत्तर दिलं नाही, तुम्ही बघून सांगा." मी काय सांगणार? खूण एवढंच सांगते की त्या फोनवर तो मेसेज उघडला गेला. कोणाच्या डोळ्यांनी वाचला, कळला का, वाचणारा त्या वेळी मोटारसायकलवर होता का दवाखान्याच्या रांगेत, ते तिला कुठून माहीत. दोघांच्या गप्पांत ती खूण बंद ठेवता येते. ग्रुपात नाही येत.

हे आतेभावाला समजावून सांगा म्हणत नाही मी. दुःखात माणसाला सेटिंग समजावायची नसते. घरच्या चार-पाच माणसांना वेगळी रिंगटोन लावून घ्या, मागंपुढं कामी येईल.

धारूरची लेक

काका, माझे आई-बाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला आहेत. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि ते सांगलीकडं जातात. मी लातूरला होस्टेलवर. आईला वाचता येत नाही.

आजी सांगते, तिच्या काळात फडावर गेलं की पाच-सहा महिने गावाकडचं काही कळत नसे. तिचा भाऊ पौषात वारला आणि तिला कळलं चैत्रात, गावच्या वेशीवर बैलगाडी आल्यावर. पाणी शेंदणाऱ्या बाईनं सांगितलं. आजी म्हणते, सगळ्यांचं रडून झालं होतं, मी एकटीच रडत बसले. तिचं तेवढं वाक्य मला नेहमी आठवतं.

आता आई मला आवाज पाठवते. रात्री दोन-तीनला गाडी भरायला उठतात, तेव्हा. मागं ट्रॅक्टर धडधडत असतो, कोणीतरी मोळी टाकल्याचा आवाज येतो, आणि आई धापा टाकत म्हणते, "जेवलीस का गं? दूध घेत जा. आंबट खाऊ नको, घसा धरतो तुझा." कधी कधी बोलता बोलता बटण दाबलेलंच राहतं आणि मग नुसतं उसाचं पाचट सळसळताना ऐकू येतं. मी तेही पुसत नाही. मी सकाळी उठून उत्तर पाठवते, ती फडातून आली की संध्याकाळी ऐकते. आमचं दोघींचं बोलणं कधीच एका वेळी होत नाही, तरी रोज होतं. मेसेज नसते तर मी पहिल्याच महिन्यात बॅग भरून घरी गेले असते, आणि घराला कुलूप आहे.

म्हणून मला वाटतं काका, लिहिलेलं पुसलं ते बरं केलंत. तुम्ही गेलात की मामांजवळ बसा फक्त. आणि भावाला लेकराचं सांगा. लेकरावर ढकलणं होत नाही ते, जे झालं तेच आहे.

सेलूकर

कालच दहावा झाला. सगळ्यांचं वाचून गेलो होतो. जालन्याच्या ताई, तुमचा प्रश्न मनाला लागला, पण खरा आहे. पूर्वी दर रविवारी फोन करायचो. मग आतेभाऊ ग्रुपवर आत्याचे फोटो टाकायला लागला. कधी नातवंडांसंगं, कधी शेतात. फोटो बघितला की भेटल्यासारखं वाटायचं आणि फोन राहून जायचा. दिवाळीपासून तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता.

परभणीहून साडी नेली होती. हिरवी, बारीक लाल काठाची. आता ती कोणाला नेसवायची, पण रिकाम्या हातानं जाववेना. पोरालाही घेऊन गेलो. धारूरच्या लेकीनं लिहिलेलं मी त्याला वाचून दाखवलं होतं. आतेभावापुढं त्यानं स्वतःच तोंड उघडलं, "काका, मेसेज मी वाचला होता. आजीचं नाव मला माहीत नव्हतं." आतेभाऊ काही बोलला नाही. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मंडपातल्या कामाला गेला. अजून माझ्याशी मोकळा झालेला नाही. होईल तेव्हा होईल.

लोक पांगल्यावर मामांजवळ बसलो. बराच वेळ दोघंही गप्प. मग ते म्हणाले, "म्या फोन लावलता तुला."

मला कळेना. माझ्या फोनवर काहीच आलेलं नव्हतं. ते उठले, मला आत माजघरात घेऊन गेले. धान्याच्या कोठीच्या वर, चुन्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेला एक नंबर. वर 'सेलू' एवढंच. आत्यानं कधी तरी शाळेच्या पोराकडून लिहून घेतलेला. त्या पहाटे मामांनी शेजारच्याला हाताला धरून आत आणलं, भिंतीवरचा नंबर दाखवला आणि म्हणाले, आधी हा लाव. तीनदा लावला. अस्तित्वात नाही म्हणून बाई बोलत होती. मग दिवस उजाडला आणि मुलगा म्हणाला, मी ग्रुपवर टाकलंय, सगळ्यांना कळलं.

तो माझा जुना नंबर. २०१६ साली नवीन सिम घेतलं तेव्हा सोडून दिलेला. नवीन नंबर मी ग्रुपवर कळवला होता.

पोरानं चुलीतला विझलेला कोळसा आणला. जुना नंबर मामांनी पुसू दिला नाही. म्हणाले, ते तिचं आहे. त्याच्या खाली पोरानं नवीन लिहिला, मोठ्या अक्षरात, आणि मामांनी शेजारच्याला बोलावून तिथंच उभं राहून तो लावायला लावला. माझ्या खिशात फोन वाजला. मी उचलला. मामा समोरच उभे होते, तरी फोनमध्ये म्हणाले, "हां, लागला."