जुन्या झेनचा रेडिएटर फुटलाय, आत हळद आहे. नुसता रेडिएटर बदलू की सगळंच?

दिवाणजी_सांगली

नमस्कार मंडळी. गाडी २००१ ची झेन, पेट्रोल, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. मी तिसरा मालक. मार्केट यार्डात अडतीवर हिशेब लिहितो, त्यामुळं गाडीतलं कळत काही नाही, खर्चाचं मात्र पै-पै कळतं.

गेल्या महिन्यात गणपतीपुळ्याहून येताना साखरपा सोडला आणि आंबा घाट चढायला लागलो. आत पाच माणसं, एसी चालू, पुढं एक मालट्रक मुंगीच्या चालीनं. दुसऱ्या गिअरात रखडत असताना तापमानाचा काटा सरकत सरकत एचला (म्हणजे हॉटला) टेकला आणि बॉनेटमधनं वाफ. बाजूला घेतली. बायकोचे मामा टॉवेल गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले होते, त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. पाऊण तासानं उघडलं तर पाणी निम्मं गायब, आणि वरच्या प्लास्टिकच्या टाकीला, होज पाईप बसतो तिथंच, केसाएवढी चीर.

मामांनी तीस वर्षं ट्रक चालवलाय. एका दुचाकीवाल्याला हात केला, वर आंब्याला गेले आणि पाण्याचे दोन कॅन न् हळदीचं पाकीट घेऊन आले. मला वाटलं देवाला वाहणार. त्यांनी चार चमचे रेडिएटरमध्ये ओतली! पण खोटं कशाला बोलू, मलकापूर, कोल्हापूर करत सांगलीत येईपर्यंत थेंब गळला नाही.

आता गावात ठीक चालते, पण मिरज रोडला गर्दीत दहा मिनिटं अडकलो की काटा वर. रेडिएटरशेजारच्या बाटलीतलं पाणी पिवळंधमक.

एक मिस्त्री म्हणतो, रेडिएटरला रॉडिंग करू, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकू, ९०० रुपयांत काम. दुसरा म्हणतो, नवा रेडिएटर, वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप), पाईप, सगळं मिळून ७,५००. गाडी विकली तर चाळीस हजार येतील की नाही शंका. कुणाचं ऐकू?

डेपोतला_माणूस (मिरज)

दिवाणजी, आधी एक सांगा, हेड (इंजिनाचा वरचा भाग) शाबूत आहे का? काटा एचला टेकल्यावर किती वेळ चालवली? हेड वाकलं असेल किंवा त्याच्या खालची गॅस्केट उडाली असेल तर साडेसात हजार घालूनही गाडी तापणारच, मग मिस्त्रीला शिव्या देत बसाल.

हे घरीच बघता येतं. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, पाणी गळ्यापर्यंत भरा, मग स्टार्टर मारा. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले तर इंजिनातला जळका गॅस पाण्यात शिरतोय. दुसरं, ऑइल भरायचं झाकण उलटं करून बघा. खाली ताकासारखा पांढरा थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये गेलंय (रोज दोनच किलोमीटर चालवणाऱ्यांनाही थोडा दिसतो, तेवढ्यानं घाबरू नका). तिसरं, सायलेन्सरमधनं इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहतो का?

मी एसटीच्या वर्कशॉपला होतो. जुन्या पितळी रेडिएटरची टाकी डाग सोडवून काढायची, नळ्यांतनं पट्टी फिरवायची, परत डाग द्यायचा, ते रॉडिंग. तुमची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या कोअरवर (नळ्यांच्या जाळीवर) पत्रा दुमडून बसवलेली आहे, मध्ये रबर. ती उचकटली की पुन्हा नीट बसेलच असं नाही, आणि चीर तर तशीच राहणार. ९०० रुपये पाण्यात, तेही पिवळ्या.

आणि थर्मोस्टॅट काढून टाकणाऱ्या मिस्त्रीपासून गाडी लांब ठेवा. तो नसला की इंजिन वेळेत तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि खरा बिघाड काही दिवस झाकला जातो. घेताना नवा घ्या आणि बसवायच्या आधी घरी पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकून बघा. उघडला तर ठीक.

विटेकर७

हळद लागली म्हणजे आता अक्षता टाकायच्याच बाकी 😄 सॉरी, राहवलं नाही.

झेनवाला_तासगाव

माझीही झेन, २००० ची. दोन वर्षांपूर्वी यातनंच गेलोय म्हणून लिहितो.

हळद गळती थांबवते कारण ती फुगून फटीत बसते. पण तिला फट कुठली आणि नळी कुठली हे कळत नाही, बारीक नळ्यांतही ती बसते, हीटरच्या कोअरमध्येही. त्यामुळं नवा रेडिएटर लावायच्या आधी इंजिनाचा आतला भाग आणि हीटर दोन-तीनदा धुवून घ्या, नाहीतर तीच घाण नव्यात जाऊन बसेल.

वॉटर बॉडीच्या पोटाला एक बारीक भोक असतं, तिथं ओल किंवा सुकलेला डाग दिसतो का बघा. दिसला तर ती जायला आलीय. माझ्या गाडीला ती काढताना टायमिंग बेल्ट उतरवावाच लागला, म्हणून बेल्टही त्याच मजुरीत नवा टाकला. ओल नसेल आणि पुली हलत नसेल तर मी तरी हात लावणार नाही.

झाकण मात्र नक्की बदला. दोनशेच्या आत येतं आणि सगळे विसरतात. त्यावर ०.९ छापलेलं असतं, म्हणजे हवेच्या दाबाच्या ०.९ पट जादा दाब ते धरून ठेवतं. त्या दाबाला साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग सैल झाली की शंभरालाच उकळणार.

गर्दीत तापते आणि धावताना नाही, म्हणजे पंख्यावरही संशय घ्या. एसी बंद ठेवून उभ्या गाडीत काटा निम्म्याच्या वर जाईपर्यंत वाट बघा. पंखा सुरू होत नसेल तर त्याचा स्विच किंवा रिले.

बोअरचं पाणी घालू नका. आमच्याकडं द्राक्षबागेच्या ड्रिपच्या नळ्या क्षारानं भरतात, तेच रेडिएटरमध्ये होतं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. भरताना गाडीचं तोंड चढाला करा, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, आणि बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवा. हवा अडकली तर काटा खोटं बोलतो.

दिवाणजी_सांगली

सगळ्यांचे आभार. बुडबुडे नाहीत, ऑइल स्वच्छ. हेड वाचलं.

हिशेब देतो: रेडिएटर ३,१००, थर्मोस्टॅट ४५०, झाकण १८०, वरचा-खालचा पाईप आणि क्लिपा ५६०, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी ७२०, मजुरी ९००. एकूण ५,९१०. वॉटर बॉडी कोरडी होती, ठेवली. पंख्याचा स्विच मेलेला निघाला, तो ३५० वेगळा. म्हणजे रेडिएटर नवा घालूनही मिरज रोडला तापलीच असती. तासगावकर, तुमचा चहा लागू.

जुना रेडिएटर मिस्त्रीनं उलटा केला तर श्रीखंडासारखा गोळा बाहेर पडला. फोटो मामांना पाठवला. त्यांचा लगेच फोन, "हळद दुकानातली पाकिटातली होती रे. आपली राजापुरी असती तर अजून सहा महिने काढले असते."

हळदीच्या यार्डात बसून यावर मी काय बोलणार.