सोसायटीच्या लॅपटॉपवरची एक्स्टेंशन्स ठेवायची की काढायची?

देशपांडे काका (खजिनदार): नमस्कार. मेंटेनन्सच्या पावत्यांच्या पीडीएफ एकत्र जोडायला क्रोममध्ये एक फुकट एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) मिळतंय, रेटिंग चांगलं आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकू का? आधीची काही दिसतायत, ती कोणी टाकली ते माहीत नाही.

स्नेहा (बी-३०२): काका प्लीज थांबा, टाकू नका अजून. टाकताना एक छोटी विंडो येते बघा, त्यात पुष्कळदा लिहिलेलं असतं की हे सगळ्या वेबसाइट्सवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकतं, आपण ते न वाचताच पुढे जातो पण ते अक्षरशः खरं असतं. सगळ्या म्हणजे आपलं नेटबँकिंग पण आलं त्यात, बॅलन्स, स्टेटमेंट, तुम्ही टाईप करता तो पासवर्ड, सगळंच.

महेश (ए-१०१): पण बँकेच्या साइटला ते https चं कुलूप असतं ना?

स्नेहा: महेशदादा, कुलूप वाटेत कोणी वाचू नये म्हणून असतं. एक्स्टेंशन ब्राउझरच्या आतच बसलेलं, पान उघडलं की तुम्हाला जे दिसतं ते त्यालाही दिसतं.

पाटील काकू: अगं पण गूगल तपासूनच ठेवत असेल ना स्टोअरवर? लाखो लोक वापरतात ती.

स्नेहा: तपासतात काकू, पण गडबड नंतर होते. ग्रेट सस्पेंडर म्हणून एक होतं, न वापरलेले टॅब झोपवून ठेवायचं, वीस लाखांच्या आसपास लोक वापरायचे आणि खरंच चांगलं होतं. २०२० मध्ये मूळ डेव्हलपरने ते दुसऱ्याला विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर म्हणून ते काढावं लागलं. अपडेट आपोआप येतात आणि परवानगी आपण आधीच देऊन बसलेलो असतो, त्यामुळे मालक बदलला तरी आपल्याला पत्ताच लागत नाही.

अमेय (सी-५०४): विकायलाच हवं असंही नाही. २०२४ च्या नाताळात सायबरहेवन नावाच्या सिक्युरिटी कंपनीचंच एक्स्टेंशन असं चोरांच्या हातात गेलं. त्यांच्या माणसाला क्रोम स्टोअरच्या नावाने खोटा मेल आला, तो फसला, आणि चोरांनी कंपनीच्याच खात्यातून खराब व्हर्जन चढवलं. वापरणारे चार लाखांच्या घरात. ते कुकीज, म्हणजे तुम्ही लॉगिन केलंय हे साइटला ओळखू देणाऱ्या छोट्या नोंदी, चोरत होतं, आणि लॉगिनची कुकी गेली की पुष्कळदा पासवर्ड-ओटीपी काही न लागता समोरचा तुमच्या खात्यात शिरतो.

महेश: मग सगळीच उडवा की!

अमेय: सगळी नको रे. जाहिराती अडवणारं मी घरी ठेवलंय आणि ठेवणार, कारण आई-बाबा डाउनलोडचं खोटं बटण दाबतात तो धोका रोजचा आहे. पण त्यालाही बहुतेकदा सगळं वाचायची परवानगी लागते, आणि सारख्या नावाची नकली पण सापडलीयत, म्हणून कोणाचं आहे ते बघूनच घ्यायचं. बाकी कुपनवाली, थीमवाली वगैरे माझ्या मते बिनकामाची.

स्नेहा: घरी ठीक आहे, पण सोसायटीचा पैसा जिथून हलतो तिथे एकही नको असं माझं स्पष्ट मत आहे. बँकेसाठी एज ब्राउझर वापरा, विंडोजमध्ये असतोच, त्यात काही टाकायचं नाही. पावत्यांसाठी पीडीएफसॅम बेसिक घ्या काका, फुकट आहे आणि फाइल लॅपटॉपवरच जोडतं, सभासदांची नावं-नंबर बाहेर कुठे अपलोड होत नाहीत. आणि क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक करून बघा, कोणाचं खातं आहे?

देशपांडे काका: मागच्या सेक्रेटरींचा जीमेल आहे. सिंक चालू असं दिसतंय.

स्नेहा: म्हणजे ते त्यांच्या घरच्या क्रोममध्ये जे टाकतात ते इथेही आपोआप येतं. ती एक्स्टेंशन्स तशीच आली असणार, त्यांचा दोष नाही त्यात. सेव्ह पासवर्डमध्ये बघाल का?

देशपांडे काका: आहे. बँकेचा पण आहे.

अमेय: काका, त्या लॅपटॉपवरून आता लॉगिन नको. मी लगेच खाली येतो. आधी माझ्या लॅपटॉपवरून तुम्ही स्वतः बँकेचा पासवर्ड बदला, मग क्रोममधलं त्यांचं ते प्रोफाइलच काढून टाकू.

देशपांडे काका: ये. ऑफिस उघडंच आहे. सेक्रेटरींना फोन करतो, त्यांच्याकडे सेव्ह असलेला पण काढायला सांगतो.