‘क्विल्ट कोड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: अमेरिकेतल्या गुलामगिरीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. पळून जाणाऱ्यांसाठी क्विल्टवरच्या नक्षीतून खुणा दिल्या जात, असं त्यात आहे. क्विल्ट म्हणजे रजई की गोधडी? आणि ‘अंडरग्राउंड रेलरोड’ला ‘भुयारी रेल्वे’ चालेल का?

उत्तर: गोधडी घ्या. रजई म्हटलं की कापूस भरलेलं अखंड कापड डोळ्यांपुढे येतं. इथे तुकड्याला तुकडा जोडण्यातूनच नक्षी होते आणि सगळा मुद्दा त्या नक्षीचाच आहे. वाकळही चालेल, पण गोधडी सगळीकडे कळते.

‘भुयारी रेल्वे’ मात्र नको. तिथे भुयार नव्हतं आणि रूळही नव्हते. होती ती माणसांची आणि आसऱ्याच्या घरांची गुप्त साखळी. वाट दाखवणाऱ्याला ‘कंडक्टर’ आणि लपण्याच्या घराला ‘स्टेशन’ म्हणत. हॅरिएट टबमन अशीच कंडक्टर होती. हे शब्द तसेच ठेवा, नाव ‘अंडरग्राउंड रेलरोड’च राहू द्या आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्धी ओळ खुलासा द्या.

आता ‘कोड’. ‘सांकेतिक गोधडी’ हा शब्द चांगला आहे, पण त्यापुढचं क्रियापद जपून वापरा. ‘खुणा दिल्या जात’ असं लिहिलंत तर तो इतिहास होतो. ही कथा १९९९ साली एका पुस्तकामुळे सर्वदूर पोचली आणि तिचा मुख्य आधार साउथ कॅरोलायनातल्या एका कारागीर बाईने सांगितलेली घरची आठवण हा आहे. याच साखळीत काम करणारे फिलाडेल्फियाचे विल्यम स्टिल पळून आलेल्यांच्या हकिकती स्वतः टिपून ठेवत. १८७२ साली त्यांनी त्या छापल्या, पण त्यांत गोधडीच्या खुणा नाहीत. म्हणून ‘दिल्या जात असं सांगतात’ असंच लिहा.

प्रश्न: मग उल्लेख काढूनच टाकू?

उत्तर: काढू नका, पण शेजारी हॅरिएट पॉवर्सचं नाव घाला. तिचा जन्म १८३७ चा, जॉर्जियात, गुलामगिरीतच. तिने बायबलमधले प्रसंग कापडाच्या आकृत्या शिवून अकरा चौकटींत मांडले. १८८६ साली जॉर्जियातल्याच अथेन्स गावच्या कापूस-जत्रेत ती गोधडी पाहून एका चित्रकार बाईने विकत मागितली, तेव्हा तिने दिली नाही. पुढे हात आखडला तेव्हा दहा डॉलर मागून पाचावर दिली, पण देताना एकेका चौकटीचा अर्थ सांगितला आणि घेणारीने तो लिहून ठेवला. गोधडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. इथे ‘गोधडी बोलते’ असं बेलाशक लिहा.

आणखी एक: आपल्याकडचा दाखला हवा असेल तर उत्तर कन्नडातले सिद्दी आहेत. आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आणि तिथून निसटून जंगलात शिरलेल्या लोकांचे वंशज त्यांच्यात आहेत. त्यांच्या गोधडीला ‘कवंदी’ म्हणतात. धावदोरा कडेपासून सुरू होऊन आत मध्यावर येतो आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची ‘फुलं’ लावतात. मात्र हिच्यावरही पळवाटेचा नकाशा चिकटवू नका.